1954, 1959 की 1973? सेलचा जन्म आणि चांद्याच्या लोखंडाचा प्रश्न

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकत्र आले आहेत. स्पर्धा परीक्षेच्या तीन पुस्तकांत ‘स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया’ म्हणजेच सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या स्थापनेची 1954, 1959 आणि 1973 अशी तीन वेगवेगळी वर्षे दिली आहेत, त्यांतले खरे कोणते, हा पहिला. गडचिरोली जिल्ह्यात लोखंडाचे डोंगर असताना सरकारने कारखाना छत्तीसगढमधल्या भिलाईला का काढला, हा दुसरा. आणि आयटीआय झालेल्या देसाईगंजच्या मुलाला आज या कंपनीत कितपत वाव आहे, हा तिसरा. माझी सगळी नोकरी भिलाईच्या ब्लास्ट फर्नेस विभागात झाली आणि निवृत्तीनंतर मी गोंदिया जिल्ह्यातल्या माझ्या गावी राहतो. त्यामुळे हे उत्तर भट्टीवर काम केलेल्या माणसाच्या नजरेतून आलेले आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

वर्षांचा घोळ होतो याचे कारण असे की या कंपनीचे कारखाने आधी जन्मले आणि कंपनी नंतर जन्मली. सर्वसाधारणपणे कंपनी आधी नोंदवली जाते, मग ती कारखाना बांधते. येथे ते उलट झाले. 19 जानेवारी 1954 रोजी नोंदवली गेली ती हिंदुस्तान स्टील ही सरकारी कंपनी. 1959 हे तिच्या भट्ट्यांमधून पहिले लोखंड बाहेर पडल्याचे वर्ष. आणि 24 जानेवारी 1973 रोजी सेल या नावाने कंपनी नोंदवली गेली. म्हणजे तिन्ही पुस्तके आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक एवढीच की ती तिन्ही वर्षांना ‘स्थापना’ म्हणतात. परीक्षेत ‘सेलची स्थापना’ असे स्पष्ट विचारले असेल तर 1973 लिहावे. ‘सार्वजनिक क्षेत्रातील पोलाद उद्योगाचा आरंभ’ असे विचारले असेल तर 1954 पासून सुरुवात करावी आणि 1959 चा उल्लेख करावा. मी नोकरीला लागलो तेव्हा सेल हे नाव रूढ झालेले होते, तरीही वरिष्ठांच्या नेमणूकपत्रांवर आणि जुन्या आराखड्यांवर हिंदुस्तान स्टील हेच नाव होते, आणि कित्येक यंत्रांच्या पाट्यांवर रशियन अक्षरे होती.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे असे मला वाटते. त्यासाठी 1954 च्याही बरेच मागे जावे लागेल आणि ही गोष्ट थेट चंद्रपूरपासून सुरू करावी लागेल.

जमशेटजी टाटांना आपला भाग चांगला ठाऊक होता. नागपूरची एम्प्रेस मिल त्यांनी 1877 साली सुरू केली होती. 1882 साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातल्या (म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या) लोखंडाविषयी लिहिलेला अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहारा येथील खनिज उत्तम आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळशाची खाण आहे, असे त्यात म्हटले होते. खनिज आणि कोळसा एकाच जिल्ह्यात मिळत असेल तर पोलादाचा कारखाना तिथेच निघायला हवा, असे कोणालाही वाटेल. परंतु वरोऱ्याचा कोळसा चाचणीत उतरला नाही, आणि खाणीच्या परवान्याच्या सरकारी अटीही जाचक होत्या, म्हणून बेत मागे पडला. पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात 1899 साली परवान्याचे नियम सैल झाले, टाटांनी पुन्हा चांद्याकडे लक्ष वळवले आणि 1904 साली चार्ल्स वेल्ड हा अमेरिकी भूगर्भतज्ज्ञ या जंगलांत फिरला. त्याचा निष्कर्ष असा होता की खनिज चांगले आहे, पण ते तुकड्यातुकड्यांत विखुरलेले आहे आणि मोठा कारखाना पिढ्यान्‌पिढ्या पोसेल एवढा साठा एका जागी नाही.

त्यानंतरची हकिकत नागपूरकरांना माहीत असावी अशी आहे, पण फार जणांना ती माहीत नसते. चांद्याचा नाद सोडत असल्याचे सांगण्यासाठी जमशेटजींचे पुत्र दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात गेले होते. भेटीला अवकाश होता, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो तिथे, वेळ काढायला शिरले. तिथे मध्य प्रांताच्या भूगर्भाचा एक नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्याच्या एका भागात लोखंडाची गडद खूण केलेली होती. तो भाग म्हणजे दल्ली-राजहरा. भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी 1887 मध्येच त्या डोंगरांची पाहणी करून नोंद केलेली होती. वेल्ड आणि दोराबजी तिथे पोहोचले तेव्हा त्यांना लोखंडाचा जवळजवळ अखंड डोंगरच सापडला. तरीही टाटांचा कारखाना तिथे झाला नाही, कारण कोकिंग कोळसा, म्हणजे झोतभट्टीला चालणारा कोळसा, आणि भरपूर पाणी यांची सांगड बसेना. अखेर त्याच बोस यांनी मयूरभंज संस्थानातल्या खनिजाकडे लक्ष वेधले, झरियाचा कोळसा त्याला जवळ होता, आणि 1907 साली टाटांची कंपनी स्थापन होऊन साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, कारखाना उभा राहिला. दल्ली-राजहरा मात्र आणखी पन्नास वर्षे तसाच पडून राहिला.

येथे भट्टीवरचा हिशोब थोडा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचे काहीच नीट कळणार नाही. झोतभट्टीत म्हणजे ब्लास्ट फर्नेसमध्ये वरून लोहखनिज, कोक (भाजून कडक केलेला कोळसा) आणि चुनखडी टाकतात आणि खालून तापवलेल्या हवेचा झोत सोडतात. एक टन वितळलेल्या लोखंडासाठी दीड टनाहून अधिक खनिज लागते. कोक आज अर्ध्या टनाच्या आसपास पुरतो, कारण खनिज भाजून एकसारखे केलेले असते आणि कोळशाची भुकटीही झोताबरोबर आत सोडता येते. पण पन्नाशीच्या दशकात तो पाऊण टन ते एक टन लागत असे. कोळसा भाजून कोक करताना वजन घटते, म्हणून कोळसा आणखी जास्त लागतो. आणि हा कोळसा कोणताही चालत नाही. तो तापवल्यावर मऊ होऊन, चिकटून, मग कडक आणि सच्छिद्र झाला पाहिजे, कारण भट्टीतल्या हजारो टन मालाचा भार कोकलाच पेलावा लागतो. कोकची भुकटी झाली तर झोत वर जाण्याची वाट बुजते आणि भट्टी कोंडते. वर्धा खोऱ्यातला, म्हणजे वरोरा, बल्लारपूर, घुग्घुस या पट्ट्यातला कोळसा बॉयलरखाली उत्तम जळतो, पण तो चिकटत नाही. तो कोकिंग जातीचा नाही. चांद्याच्या हातून पोलाद गेले ते खनिजामुळे जेवढे गेले, त्याहून अधिक या कोळशामुळे गेले, असे माझे मत आहे.

साठ्याचाही अंदाज बांधून पाहा. वर्षाला दहा लाख टन लोखंड काढणारी भट्ट्यांची रांग पन्नास वर्षे चालवायची म्हटली तर आठ-नऊ कोटी टन खनिज हाताशी हवे. ते एका जागी हवे, डोंगराच्या पायथ्यापर्यंत रेल्वेचा रूळ नेता येईल अशा ठिकाणी हवे. लोहारा त्या मापाचे नव्हते. गडचिरोलीतला सुरजागडचा डोंगर मोठा आहे हे खरे, पण 1955 सालचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा: तुमच्या देसाईगंजच्या वडसा स्थानकावरून जाणारी गोंदिया–चांदा फोर्ट ही वाट तेव्हा अरुंद मापाची होती आणि नव्वदच्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत ती तशीच राहिली. वडशापासून एटापल्लीच्या जंगलापर्यंतचे अंतर, मधल्या नद्या आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते हे सर्व तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. दररोज हजारो टन माल हलवण्याची सोय तिथे नव्हती.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात तयार पोलाद वर्षाला सुमारे दहा लाख टन निघत होते आणि ते मुख्यतः टाटांच्या जमशेदपूरमधून आणि बर्नपूरच्या इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीतून येत असे. म्हैसूर संस्थानाने विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने भद्रावतीला उभारलेला कारखाना त्यामानाने लहान होता. 1948 आणि पुन्हा 1956 च्या औद्योगिक धोरणाने नवे पोलाद कारखाने सरकारनेच काढायचे असे ठरवले, आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत दहा-दहा लाख टनांचे तीन कारखाने हाती घेतले गेले. पैसा आणि तंत्रज्ञान एका देशाकडून एवढे मिळणार नव्हते, आणि एकाच देशावर विसंबणेही नको होते. म्हणून रुरकेला पश्चिम जर्मनीच्या क्रुप आणि डेमाग या कंपन्यांच्या साहाय्याने, भिलाई सोव्हिएत संघाच्या आणि दुर्गापूर ब्रिटिश कंपन्यांच्या साहाय्याने उभे राहिले. हिंदुस्तान स्टील 1954 मध्ये निघाली ती प्रथम फक्त रुरकेल्यासाठी. भिलाई आणि दुर्गापूरचे काम सुरुवातीला मंत्रालय पाहत असे आणि 1957 मध्ये ते या कंपनीकडे सोपवले गेले. 3 फेब्रुवारी 1959 रोजी रुरकेल्याची, दुसऱ्याच दिवशी भिलाईची आणि त्याच वर्षी 29 डिसेंबरला दुर्गापूरची पहिली भट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. 1959 हे वर्ष तुमच्या एका पुस्तकात आले आहे ते येथून.

माल कोणता कोठे काढायचा हेही वाटून दिलेले होते. रुरकेल्याला पत्रा आणि प्लेट, दुर्गापूरला रेल्वेची चाके आणि आस, भिलाईला रेल्वेचे रूळ आणि बांधकामाच्या जड पोलादी तुळया. रुरकेल्यात हवेऐवजी शुद्ध प्राणवायू फुंकून पोलाद करण्याची एलडी पद्धत भारतात पहिल्यांदा आली, तर भिलाईला सोव्हिएत धाटणीच्या ओपन हार्थ भट्ट्या होत्या, ज्यांत एकेक घाणा निघायला कितीतरी तास लागत. जर्मन यंत्रे नाजूक आणि पुढच्या काळातली, सोव्हिएत यंत्रे ओबडधोबड आणि दणकट, असे त्या काळी कामगारांत सर्रास बोलले जाई. मी भिलाईचा असल्यामुळे माझे माप पक्षपाती असेल, पण नवशिक्या कामगारांच्या हाती द्यायला दणकट यंत्रे बरी पडली, हे मला आजही पटते. दहा लाख टनांचा पहिला टप्पा भिलाईने 1961 मध्ये पुरा केला आणि 1967 मध्ये क्षमता पंचवीस लाख टनांवर नेली.

भिलाईच का, याचे उत्तर आता सोपे होते. दल्ली-राजहऱ्याचे खनिज सुमारे नव्वद किलोमीटरवर, नंदिनीची चुनखडी पंचवीस किलोमीटरच्या आत, तांदुळा धरणाचे पाणी, कोरब्याचा वीजनिर्मितीचा कोळसा, आणि दारातून जाणारी मुंबई–हावडा रेल्वे. उणीव एकच होती: कोकिंग कोळसा झरियाच्या पट्ट्यातून सातशे किलोमीटरच्या आसपास वाहून आणावा लागणार होता. रेल्वेमार्ग असल्यामुळे ती उणीव सोसण्यासारखी होती. चांद्याला हीच उणीव अधिक मोठी झाली असती आणि खनिजही विखुरलेले राहिले असते.

आपला कारखाना दुसऱ्या राज्याने पळवला, ही तक्रार मी विदर्भात अनेकदा ऐकली आहे. तारखा तपासल्या तर ती टिकत नाही. सोव्हिएत संघाबरोबरचा भिलाईचा करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला. तेव्हा दुर्ग आणि चांदा हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते. ते राज्य जुना मध्य प्रदेश, त्याची राजधानी नागपूर आणि मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. कारखाना आपल्या राज्यात यावा म्हणून शुक्लांनी पाठपुरावा केला, तो नागपुरात बसूनच. विदर्भ त्या राज्यातून बाहेर पडला 1 नोव्हेंबर 1956 रोजी, म्हणजे जागा ठरून गेल्यावर. शुक्ल स्वतः रायपूरकडचे होते आणि त्याचा काही उपयोग भिलाईला झाला नाही असे मी म्हणणार नाही, परंतु खनिज, पाणी आणि रूळ यांचा हिशोब विरुद्ध असता तर राजकीय वजनाने एवढा कारखाना तिथे आला नसता.

विदर्भाचे नुकसान खरोखर कोठे झाले असेल तर ते एका वेगळ्या धोरणाने झाले, आणि त्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. पन्नाशीच्या दशकापासून 1992 पर्यंत पोलादाच्या वाहतुकीचा खर्च सर्व देशभर सारखा वाटला जाई. भिलाईचा अँगल किंवा चॅनेल नागपूरला घ्या नाहीतर मुंबईला घ्या, रेल्वेभाडे किमतीत समान धरले जात असे. देशातल्या सर्व भागांना पोलाद सारख्या दरात मिळावे, हा हेतू चांगलाच होता. पण पोलादापासून यंत्रे, अवजारे, सुटे भाग करणाऱ्या कारखानदाराला त्यामुळे भट्टीच्या जवळ येण्याचे कारणच उरले नाही. तो बंदराजवळ आणि मोठ्या बाजारपेठेजवळच थांबला. बिहार, ओरिसा आणि जुना मध्य प्रदेश यांना याचा फटका बसला हे अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. भिलाईपासून गाडीने काही तासांवर असलेल्या गोंदिया-भंडाऱ्यालाही तोच तर्क लागू पडतो. पोलादाचा मोठा कारखाना जवळ असूनही त्याच्या आसऱ्याने वाढणारे लहान उद्योग आपल्या बाजूला फारसे रुजले नाहीत, यामागे हे एकच कारण आहे असे नाही, पण हे एक मोठे कारण आहे.

आता 1973 चा उलगडा करतो. तिन्ही कारखाने चालू झाल्यावर चौथा बोकारोला घ्यायचे ठरले. त्यासाठी अमेरिकेची मदत मागितली होती आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी अनुकूल होते, परंतु सरकारी मालकीच्या कारखान्याला पैसा का द्यावा, असा वाद त्यांच्या काँग्रेसमध्ये म्हणजे संसदेत झाला आणि 1963 मध्ये भारताने आपली विनंती मागे घेतली. जानेवारी 1965 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. यासाठी 1964 मध्येच बोकारो स्टील लिमिटेड ही वेगळी कंपनी काढलेली होती. तिची पहिली भट्टी 2 ऑक्टोबर 1972 रोजी पेटली. त्याच वर्षी डबघाईला आलेल्या बर्नपूरच्या कंपनीचा कारभार सरकारने हाती घेतला. सेलमचा कारखाना आखणीत होता. हिंदुस्तान स्टीलचे मुख्यालय तर रांचीला होते, जिथे तिचा एकही कारखाना नव्हता. प्रत्येक कंपनीचे संचालक निराळे, खरेदी निराळी, आणि वरून मंत्रालयाची परवानगी बारीकसारीक गोष्टीसाठी. पोलाद मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी या सगळ्यांच्या वर एक धारक कंपनी असावी अशी कल्पना पुढे नेली आणि वदुद खान हे सेलचे पहिले अध्यक्ष झाले. कुमारमंगलम 1973 च्याच मे महिन्यात विमान अपघातात गेले. 1978 मध्ये संसदेने कायदा करून हिंदुस्तान स्टील आणि बोकारो स्टील या कंपन्या सेलमध्येच विसर्जित केल्या. चार भावांच्या शेतीवर आधी एक कर्ता नेमावा आणि पाच वर्षांनी सगळी जमीन एकाच सातबाऱ्यावर चढवावी, तसा हा प्रकार होता. भिलाईच्या भट्ट्या मात्र या बदलांसाठी थांबल्या नाहीत, कारण झोतभट्टी सहजासहजी थांबवता येत नाही. म्हणून कामगारांना ही घडामोड मुख्यतः पगाराच्या चिठ्ठीवरचे नाव बदलल्यानेच कळली, असे वरिष्ठ सांगत.

यानंतरची पन्नास वर्षे मी थोडक्यात सांगतो, पण एका ठिकाणी थांबणार आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी तोट्यात होती. 1985 मध्ये भेल आणि मारुतीचा अनुभव असलेले व्ही. कृष्णमूर्ती अध्यक्ष झाले आणि शिस्त, उत्पादकता, ग्राहकाकडे लक्ष या गोष्टींवर भर देऊन त्यांनी तिला नफ्यात आणले. 1992 मध्ये किंमत आणि वाटपावरचे नियंत्रण उठले, आयात शुल्क उतरत गेले, आणि 1997 च्या आशियाई आर्थिक संकटानंतर जगभर पोलादाचे भाव कोसळले तेव्हा सेलला सलग काही वर्षे मोठा तोटा झाला. स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, सरकारने कर्जाची पुनर्रचना केली. 2003–04 मध्ये चीनच्या मागणीने भाव वर गेले आणि कंपनीने अडीच हजार कोटींहून अधिक नफा दाखवला. 1998 मध्ये भद्रावती आणि 2006 मध्ये बर्नपूर सेलमध्ये विलीन झाले. 2010 मध्ये ‘महारत्न’ दर्जा मिळाला. सरकारचा हिस्सा आज 65 टक्के आहे. भिलाईची आठव्या क्रमांकाची ‘महामाया’ भट्टी 2018 मध्ये सुरू झाली. तिचे आकारमान 4,060 घनमीटर आहे आणि सुरुवातीच्या भट्ट्यांपुढे ती कितीतरी मोठी आहे. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी लागलेले सुमारे तीस हजार टन विशेष पोलादही सेलने पुरवले.

थांबायचे आहे ते दल्ली-राजहऱ्याला. कंपनीच्या छापील इतिहासात भट्ट्यांच्या तारखा असतात, खाणीची माणसे क्वचितच असतात. तिथे हाताने खनिज फोडून, वेचून, ट्रकमध्ये भरणारे हजारो कंत्राटी मजूर होते, बहुतेक आदिवासी आणि छत्तीसगढी, आणि त्यात बायकाही मोठ्या संख्येने होत्या. कायम कामगाराला मिळणारा पगार आणि सोयी त्यांना मिळत नसत. 1977 साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली. त्याच वर्षी झालेल्या गोळीबारात मजूर मारले गेले. या संघटनेने पगारवाढ मिळवली, दारूबंदीची मोहीम चालवली, स्वतःचे शहीद रुग्णालय काढले आणि संपूर्ण यांत्रिकीकरणाऐवजी माणसांचे काम टिकवणारे अर्धे यांत्रिकीकरण करता येईल, असा पर्याय मांडला. 1991 मध्ये नियोगींची भिलाईत हत्या झाली. भट्टीच्या बाजूने पाहिले तर मला यंत्राने चाळलेले, एकसारख्या आकाराचे खनिज हवे असे, कारण त्यानेच भट्टी सुरळीत चालते. आणि तरीही ज्या हातांनी पहिली वीस वर्षे ती भट्टी पोसली त्यांचा प्रश्न निव्वळ तांत्रिक नव्हता हे मान्य करावे लागते. गडचिरोलीत आज खाणी सुरू होत असताना हे प्रकरण तुमच्या पिढीने मुद्दाम वाचावे, असे मी सुचवीन.

सेलच्या इतिहासात विदर्भ अगदीच नाही असेही नाही. पोलादात मँगेनीज लागते. ते गंधकाचा दोष मारते, प्राणवायू काढून घेते आणि बळकटी देते. रुळाच्या पोलादात ते एका टक्क्याच्या आसपास असते. हे मँगेनीज नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यात मिळते. डोंगरी बुजुर्ग, चिखला, मनसर, कांद्री या खाणी त्याच्याच, आणि त्या चालवणाऱ्या मॉयल या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपूरला आहे. त्या खनिजापासून फेरो मँगेनीज आणि सिलिको मँगेनीज करणारा चंद्रपूरचा कारखाना पूर्वी महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट या नावाने ओळखला जाई. 2011 मध्ये तो सेलमध्ये विलीन झाला. म्हणजे ज्या चांद्याने 1882 मध्ये टाटांना आकर्षित केले होते तिथे आज सेलचा स्वतःचा कारखाना आहे, फक्त तो लोखंडाचा नाही. आपल्या दारावरून जाणाऱ्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्यांत भंडाऱ्याचे मँगेनीज असण्याची शक्यता बरीच आहे.

गडचिरोलीत आता पोलाद होईल का, असे तुम्ही ओघात विचारले आहे. जुनी अडचण आज तेवढी पक्की राहिलेली नाही. स्पंज आयर्नच्या, म्हणजे खनिज न वितळवता काढलेल्या सच्छिद्र लोखंडाच्या, फिरत्या भट्टीत कोकिंग नसलेला कोळसा चालतो, म्हणून घुग्घुसला असे लोखंड बरीच वर्षे निघते आहे, आणि सुरजागडचे खनिज आता खासगी कंपनी काढते आहे. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखान्याचे काम झाले आहे. पण मोठी झोतभट्टी उभारायची असेल तर कोकिंग कोळसा अजूनही बाहेरूनच, बहुतांशी परदेशातून, आणावा लागेल आणि त्यासाठी रेल्वे लागेल. वडशापासून गडचिरोलीपर्यंतचा मार्ग आणि त्यापुढची जोडणी कधी व किती क्षमतेची होते, यावर पुष्कळ काही ठरेल. सेलपुरते बोलायचे तर दल्ली-राजहऱ्याचा साठा संपत आल्यामुळे भिलाईचे लक्ष छत्तीसगढमधल्याच रावघाटच्या खाणीकडे लागलेले आहे.

राहिला नोकरीचा प्रश्न. येथे तुमची पात्रता, वय आणि त्या त्या वर्षीची जाहिरात यांवर सगळे अवलंबून आहे. नव्वदच्या दशकात दीड लाखाहून अधिक कर्मचारी असलेल्या या कंपनीत आज साठ हजारांच्या आत कायम कर्मचारी आहेत, आणि उत्पादन तेव्हापेक्षा जास्त आहे. एका माणसामागे निघणारे पोलाद वाढले ते काही अंशी नव्या यंत्रांमुळे आणि काही अंशी पूर्वी कायम कामगार करत ती कामे आता कंत्राटदाराकडे गेल्यामुळे. आयटीआय झालेल्यांसाठी अटेंडंट-कम-टेक्निशियन ट्रेनी आणि पदविकाधारकांसाठी ऑपरेटर-कम-टेक्निशियन ट्रेनी अशा जागा निघतात, त्या कारखानानिहाय निघतात, आणि स्पर्धा मोठी असते. फिटर, इलेक्ट्रिशियन आणि वेल्डर हे व्यवसाय नेहमी लागतात. तुमचा व्यवसाय यांपैकी असेल तर आधी भिलाई किंवा चंद्रपूर येथे शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज करावा, असे मी सांगेन. त्याने नोकरीची हमी मिळत नाही, पण भट्टीच्या आवारातली शिस्त आणि सुरक्षेचे नियम अंगवळणी पडतात आणि कौशल्य चाचणीत तो मुलगा वेगळा कळून येतो. कंत्राटदाराकडे काम मिळत असेल तर भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि सुरक्षा प्रशिक्षणाचे ओळखपत्र हातात आल्याशिवाय कोक ओव्हन किंवा गॅसच्या परिसरात पाऊल ठेवू नये. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि त्याच्यापाशी नवा-जुना असा भेद नसतो.